पिकअपच्या बेडवर (मागच्या उघड्या हौद्यात) कॅम्पर, म्हणजे राहायची केबिन, ठेवून मागे ट्रेलरही ओढायचाय, फोर्ड एफ-२५० घेऊ की एफ-३५०?

एफ-३५०च घ्या, कॅम्पर मोठा असेल तर मागे चार टायरवाली ड्युअली. कारण यात टोइंगच्या (ट्रेलर ओढायच्या) मर्यादेआधी पेलोड, म्हणजे गाडीवर लादता येणारं वजन, संपतो, ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतं त्यावर त्याच गाडीचा खरा आकडा असतो, ब्रोशरमधला विसरा. त्यातून भरलेला कॅम्पर (नुसतं पाणीच गॅलनला ८.३ पौंड!), घरची मंडळी आणि ट्रेलरच्या वजनाचे साधारण १०-१५ टक्के जे हिचवर (ट्रेलर जोडायच्या हुकवर) येतात, सगळं वजा करा. बऱ्याच एफ-२५० ना गाडीच्या स्वतःच्या वजनासकट सगळं धरून १०,००० पौंडांची मर्यादा असते, आणि डिझेल इंजिन जड, म्हणजे पेलोड अजून कमी. हां, छोटा पॉप-अप (छत वर उचलता येणारा) कॅम्पर आणि हलका ट्रेलर असेल तर पेट्रोलवाली एफ-२५०ही चालेल, ड्युअली पार्क करणं तसंही डोक्याला तापच.