डिझेलमध्ये अ‍ॅडिटिव्ह टाकून किंवा प्रीमियम इंधन भरून गाडीचा पिकअप, मायलेज वाढतं का?

चांगल्या स्थितीतल्या गाडीत फरक जाणवण्याइतका नाही, भाऊ. एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 (प्रदूषणाच्या कडक नियमांतलं) डिझेल मिळतं. त्यात सल्फर जास्तीत जास्त 10 पीपीएम आणि सीटेन (डिझेल किती सहज पेट घेतं त्याचा आकडा) किमान 51. सल्फर काढताना कमी झालेलं वंगण रिफायनरी स्वतःच भरून काढते. मग बाटलीतून वेगळं काय मिळणार?

प्रीमियम डिझेलमध्ये मुख्यतः इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) साफ ठेवणारं डिटर्जंट असतं. गाडी जुनी असेल, इंजेक्टरवर कार्बन बसला असेल, तर दोन-तीन टाक्यांनंतर आवाज थोडा मऊ होतो. पण झिजलेला इंजेक्टर त्यानं बरा होत नाही. पेट्रोलचंही तसंच: 91 ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात 95 भरून ताकद वाढत नाही. टर्बो गाडीच्या मॅन्युअलमध्ये 95 लिहिलं असेल तर मात्र भरा.

थंडीत डिझेल गोठू नये म्हणून विकतात ते औषध तर नागपुरात निव्वळ फालतू. आपला पारा 8-10 अंशांवर आला तरी डिझेल गोठत नाही. ते लडाखवाल्यांसाठी!

माझं मत विचाराल तर बाटलीचे पैसे डिझेल फिल्टरवर घाला, त्यातलं पाणी वेळेवर काढा. गाडी फक्त शहरात, सीताबर्डी-धरमपेठ फिरत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो. महिन्यातून एकदा समृद्धी महामार्गावर अर्धा तास सलग पळवा, म्हणजे ती काजळी जळून जाते. आणि अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) चुकूनही डिझेलच्या टाकीत ओतू नका, त्याची टाकी वेगळी असते.