आधी आपल्या विहिरीचं पाणी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पाण्यातला पारा ओळखायला रोडामीन या रंगद्रव्यापासून केलेला तुझा प्रोब चालला, पाऱ्याच्या क्षाराचा थेंब पडला की बिनरंगी द्रावण गुलाबी होतं, अतिनील दिव्याखाली केशरी चमकतं, हे वाचून जीव सुखावला. धातूचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, येऊन चिकटतो, रोडामीनच्या रेणूतलं मिटलेलं कडं उघडतं आणि रंग फुटतो. तांब्याच्या आयनावर हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. मी अजूनही वर्गात ते करून दाखवताना दोन मिनिटं नुसती बघत राहते.

पण तू सगळ्या चाचण्या ॲसिटोनायट्राइल हे द्रावक घातलेल्या शुद्ध पाण्यात केल्यास. तू खारपाणपट्ट्यातली पोर. आपल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे तुला मी सांगायला नको. त्या पाण्यात क्लोराइड भरपूर, आणि पारा क्लोराइडला घट्ट धरून बसतो. मग तुझ्या प्रोबच्या वाट्याला तो येईलच असं नाही. पाण्यात पारा असूनही बाटली बिनरंगी राहील आणि घरचे लोक निर्धास्त पीत राहतील. मला याचीच जास्त भीती वाटते.

उलटंही होतं. माझ्या हातून झालं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावातून विहिरीचं पाणी आणलं. धातूंच्या तपासणीसाठी नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून ठेवतात, तसं घातलं. प्रोब टाकला आणि पाणी गुलाबी झालं. मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगून आले. काकूंनी एवढंच विचारलं, "मॅडम, इख हाये काय पान्यात?" आणि विहिरीवरची मोटर बंद केली. चार दिवस त्यांची सून दुसऱ्या शिवारातून डोक्यावर पाणी आणत होती. पाचव्या दिवशी मी शुद्ध पाण्यात तेवढंच आम्ल घालून प्रोब टाकला. तेही गुलाबी झालं! रोडामीनचं कडं आम्लानेही उघडतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. नमुना सोडून बाकी सगळं तेच घेऊन करायची कोरी चाचणी आधी घ्यायची, ती मी घेतली नव्हती. परत जाऊन काकूंना ते सांगणं फार जड गेलं.

म्हणून प्रत्येक नमुन्याचा पीएच आधी मोज. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, तांबं हे सगळं एकत्र असताना पारा ओळखू येतो का ते बघ. एकेक धातू वेगळा घेऊन काढलेला तक्ता आपल्या विहिरीला उपयोगाचा नाही.

प्रोब टाकून काढलेले पेशींचे फोटो सुंदर आले आहेत. पण तू पेशींना १० मायक्रोमोलर पारा दिलास, म्हणजे लिटरला साधारण २ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, सुमारे ५ नॅनोमोलर. दोन हजार पटींचा फरक! तुझा प्रोब ५ नॅनोमोलरला काय दाखवतो, हे प्रबंधात स्वच्छ लिही. काहीच दाखवत नसेल तर तसं लिही, तुझे मार्गदर्शक नाराज झाले तरी. आणि प्रोब न टाकलेल्या पेशींचा फोटो त्याच सेटिंगवर काढ, पेशी स्वतःही थोड्या चमकतात.

कोळशात थोडा पारा असतो आणि जळताना तो बाहेर पडतो. चंद्रपूरकडच्या गावांचा विचार करते तेव्हा तुझं काम मला फार मोलाचं वाटतं. म्हणून इतकं टोकते आहे.

दिवाळीला येशील तेव्हा प्रोबची कुपी काळ्या कागदात गुंडाळून आण. मी आपल्या विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरून ठेवते, एक आम्ल घालून, एक तशीच. नोटा तपासायचा अतिनील दिवा इथल्या किराणा दुकानात आहे, तो मागून घेऊ.

तुझी,
मॅडम