शॉपफ्लोअरवर पहिल्यांदाच मुली येणार आहेत. पुरुष कामगारांना सोबत कसं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या कंपनीत एचआरला आहात, असेंब्लीत पहिल्यांदाच आयटीआयच्या मुली घेताय, आणि पुरुष कामगार ‘विरोधात नाहीत, पण सोबतही नाहीत’. मी भोसरीत लाइन सुपरवायझर होतो, आता निवृत्त आहे. माझ्या अनुभवातून सांगतो.

आठ मार्चचा गुलाब, केक आणि बाहेरून आणलेला वक्ता यावर पैसे घालवू नका. माणसं टाळ्या वाजवतात आणि टपरीवर जाऊन वक्त्याची नक्कल करतात.

आधी लाइन बघा. मुलींचं स्वच्छतागृह बऱ्याच ठिकाणी ऑफिसच्या इमारतीत असतं. जाऊन यायला वेळ लागतो, रिलीव्हर, म्हणजे तेवढ्या वेळापुरता बदली माणूस, दिलेला नसतो, मग शेजारच्या स्टेशनवरचा गडी दोघांचं काम ओढतो आणि शिफ्ट संपेपर्यंत कुरकुरतो. राग निघतो मुलीवर. रिलीव्हर न देणारे मात्र तुम्ही असता. जड कामाचंही तसंच. आमच्याकडे मुली येणार म्हणून नटरनरला, म्हणजे नट आवळायच्या जड मशीनला, बॅलन्सर लागला, म्हणजे तिचं वजन वरून टांगून पेलायची सोय झाली, आणि सगळ्यात खूश कोण झालं? पन्नाशीतले, कंबर धरलेले फिटर. ‘पोरींमुळे का होईना, मिळालं’ असं उघड म्हणायचे. त्यानंतर त्यांच्याकडून विरोधाचा शब्द आला नाही.

खरी पंचाईत चांगल्या माणसांची असते. ‘ताई, तुम्ही राहू द्या, मी करतो.’ हेतू चांगला, पण टॉर्क सेटिंग (नट किती घट्ट आवळायचा ते मशीनवर लावणं), टूल चेंज, ब्रेकडाउन यातलं तिच्या हातात काहीच येत नाही. कोणाला कुठलं काम किती येतं ते गोल भरून दाखवणारा तक्ता, म्हणजे स्किल मॅट्रिक्स, भिंतीवर असतो. त्यावर तिच्या नावापुढचा गोल वर्षभर पाव भरलेलाच राहतो. ग्रेड अडकते, आणि मग तीच मंडळी म्हणतात, ‘मुलींना सेटिंग जमत नाही.’ त्यामुळे ‘मदत करा’ असं कधीच सांगू नका, ‘शिकवा’ म्हणा. लाइनवर ज्याचा शब्द चालतो असा सिनियर ऑपरेटर निवडा, मग तो जरा खडूस असला तरी चालेल. त्याच्याकडे एक मुलगा आणि एक मुलगी असे दोन ट्रेनी द्या आणि दोघांचे गोल भरणं त्याच्या अप्रेझलमध्ये धरा. स्वतः घडवलेल्या ऑपरेटरबद्दल कोणी वाकडं बोललं की खडूस उस्तादच आधी उसळतो. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला घाणेरडा विनोद अशा माणसाने ‘हे इथं नको’ म्हणून थांबवला की थांबतो. तुमच्या सर्क्युलरने तो फक्त दुसऱ्या ग्रुपवर जातो.

‘आता बोलायचीच भीती, कोण कधी तक्रार करेल’ हे तुम्हाला ऐकू येईलच. हसण्यावारी नेऊ नका, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मराठीत समजावून सांगा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष स्त्री असते आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असतात. म्हणजे पुरुष सदस्यही असू शकतात, आणि एक सदस्य बाहेरचा असतो. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचंही ऐकून घेतात. मुद्दाम खोटी केलेल्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे. पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. युनियनमधला एखादा वजनदार माणूस समितीवर घेतलात तर निम्म्या अफवा तोच मिटवतो.

राहिली नाइट शिफ्ट. ‘पगार सारखा, मग नाइट आम्हालाच का?’ या तक्रारीत तथ्य आहे, आणि ती मुलींनी निर्माण केलेली नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच बायकांना संध्याकाळी ७ नंतर कामावर ठेवायला बंदी होती. आता त्यांची संमती घेऊन आणि सुरक्षेची, ने-आणीची सोय करून लावता येतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुली नाइट अलाउन्ससाठी तयार असतात. अडतं ते कंपनीची बस हायवेला सोडून जाते तिथून खोलीपर्यंतच्या अंधाऱ्या रस्त्यावर. म्हणून युनियनला सोबत बसवून आधी बसचा रूट आतपर्यंत न्या, आणि मगच नाइटच्या चार्टवर मुलींची नावं लावा.