पेटंट मोजू नकोस, 'कुणाकडून कळलं?' एवढं विचार

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. इनोव्हेशन, म्हणजे नवं काय घडतंय ते मोजायला तू निवडलेल्या तासगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या नमुन्यात पेटंट नाहीत, संशोधनावर वेगळा खर्च दाखवणारं कुणी नाही, प्रश्नावलीचे रकाने कोरे राहतायत. तेव्हा विषय बदलून पुण्याचा वाहन उद्योग घेऊ का, असं तू विचारलंयस. वाचून मला राग आला. तुझ्यावर कमी, ती प्रश्नावली तुझ्या हाती देणाऱ्यांवर जास्त.

अगं, ज्या तालुक्याचं नाव द्राक्षाच्या वाणाला लागलंय, तिथं इनोव्हेशन नाही? तास-ए-गणेश हे वाण थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणातून निघालं ते तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या बागेत. शेकडो वेलींत एक वेगळी दिसली, त्यानं तिची काडी राखली आणि लावून पाहिली. सोलापूरजवळ नान्नजला लांब मण्याचं सोनाका वाण असंच शेतकऱ्याच्या नजरेनं निवडलं. तुझ्या प्रश्नावलीत या नजरेला रकाना नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून 'तुम्ही नवीन काय केलंत?' हा प्रश्न खोडून टाक. त्याला कुणीही 'काही नाही मॅडम' असंच म्हणणार. 'हे तुम्हाला कुणाकडून कळलं?' असं विचार. डॉगरिज खुंटावर (मुळाकडच्या वेगळ्या जातीच्या वेलीवर) कलम करायचं कुणाकडून कळलं? बेदाण्यासाठी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, मग शेडमध्ये जाळीवर सावलीत वाळवायचे, हे कुणाकडून कळलं? उत्तरात माणसं येतील: मेहुणा, औषध दुकानदार, एकरावर पैसे घेणारा सल्लागार, बागायतदार संघाच्या अधिवेशनात भेटलेला नाशिकचा कुणी, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. त्या प्रत्येकाकडे जा आणि परत तेच विचार. तुझा प्रदेश असा उलगडेल. जिल्ह्याच्या हद्दी नकाशावर असतात, माहिती त्या हद्दी बघून चालत नाही.

आणि फक्त मालकाला विचारून थांबू नकोस. छाटणीच्या टोळीचा मुकादम एका हंगामात जितक्या बागा आतून बघतो, तितक्या कुणी सल्लागारही बघत नसेल. विरळणी करणाऱ्या बायकांना घडात किती मणी ठेवायचे ते बोटांना ठाऊक असतं. त्यांना कुणाकडून कळलं, हे आपल्या क्षेत्रात फारसं कुणी विचारलेलं नाही. तू विचार.

२०१० चा हंगाम नीट खण. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडले आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली. शेतकरी या रसायनाला सीसीसी म्हणतात. वेलीची शाकीय, म्हणजे पानं-फांद्यांची वाढ रोखायला ते मारत. त्या फटक्यानंतर फवारणीच्या सवयी बदलल्या, त्या कशा? कागदोपत्री उत्तर तयार आहे: नियम, तपासणी, निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंद. पण नियम आला म्हणून हात थांबत नाही. 'हे मारू नका' हे पहिल्यांदा कुणाकडून कळलं, आणि त्याच्यावर विश्वास का बसला? एखादा प्रदेश शिकतो म्हणजे काय होतं, ते इथं दिसेल.

तुझे गाइड सिद्धांत मागतील, तो आहे. कोहेन आणि लेव्हिन्थल या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडलं की बाहेरचं ज्ञान पचवायला कंपनीचं स्वतःचं संशोधन लागतं. 'आधी एका ओळीवर मारून बघू, मग बागेला' असं म्हणणारा बागायतदार तेच संशोधन करत असतो. त्याची पावती नसते, म्हणून ते आकड्यांत येत नाही.

माझे पेपर कमी आहेत, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. बढतीच्या एका मुलाखतीत मला विचारलं, 'तुमचा सॅम्पल साइझ किती?' मी माणसं सांगत बसलो आणि बढती पुढं गेली. तेव्हा झोंबलं. पण चार दिवसांत तीनशे फॉर्म भरून आणणाऱ्यांचे निष्कर्ष पुढं कुणाला उपयोगी पडले, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. मी हट्टी आहे म्हणतात, म्हणू देत. खंत आहे ती वेगळीच: ज्यांनी सुरुवातीला जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, मणी मोठे करणारं संप्रेरक) द्रावणात घड बुडवून पाहिले, त्या पिढीतले बरेच जण गेले. त्यांना कुणाकडून कळलं, हे आता कुणी सांगू शकत नाही. उरलेल्यांकडे तू आधी जा, तुझा 'लिटरेचर रिव्ह्यू' नंतर केला तरी चालेल.

पुणं काही पळून जात नाही. तुझ्या घरची बाग आहे, तिला 'बायस' (पूर्वग्रह) समजून लाजू नकोस. खरड छाटणी (उन्हाळ्यातली, काडी तयार करण्यासाठीची) आणि गोडी छाटणी (पावसाळा सरताना, फळासाठीची) यांतला फरक तुला कुणी समजावून सांगावा लागत नाही, ही कमाई आहे. गोडी छाटणीच्या आधी गावी पोच. बेदाण्याच्या सौद्यांना बस, पण पहिल्या दिवशी वही बाहेर काढू नकोस. सुरुवात वडिलांपासून कर आणि त्यांनाही तोच प्रश्न विचार. पहिल्या काही मुलाखती झाल्या की टाइप करत बसू नकोस, वहीच्या पानांचे फोटो तसेच पाठव.

तुझा,
सर