अठ्ठेचाळीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड हप्त्यावर घ्यावं का?

प्रश्न: मी २७ वर्षांचा, मूळचा सांगलीचा. पुण्यात आयटी सपोर्टमध्ये कंत्राटी नोकरी करतो, कंत्राट दर मार्चमध्ये नव्याने होतं. हातात ४२,००० रुपये येतात. भाडं, मेस, पेट्रोल आणि घरी पाठवतो ते ६,००० धरून खर्च २७,०००. बाइकचा हप्ता ३,४००, एसआयपी ५,०००. ७०,००० ची एफडी आहे, बाकी शिल्लक नाही. २०२० मध्ये पीसी जमवला: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा साधा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग), ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. रात्री सांगलीच्या मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो. नवे मोठे गेम मात्र अडखळतात, ‘डूम: द डार्क एजेस’ तर सुरूच होत नाही, आणि पुढे जीटीए ६ येतोय. आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी हे नवं कार्ड ४८,००० ला मिळतंय, नऊ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. यूपीआयने दिले तर दुकानदार १,५०० सोडतो. हप्ता घ्यावा, एसआयपी थांबवावी की एफडी मोडावी? एक मित्र त्याचं जुनं आरटीएक्स ३०६० १६,००० ला देतोय. थांबलो तर भाव वाढतील अशी भीती आहे. पुढे व्हिडिओ एडिटिंग करून पैसे वसूल करता येतील असंही वाटतं. आई म्हणते, खेळण्यात पैसे घालवू नकोस.

उत्तर: सप्रेम नमस्कार.

आईच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओझं त्या एका वाक्याचं दिसलं. तुम्ही घरी दर महिन्याला पैसे पाठवता, एसआयपी चुकवत नाही, क्रेडिट कार्डाची थकबाकी नाही. दिवसभर लोकांच्या तक्रारी सोडवून रात्री गावच्या मित्रांबरोबर दोन तास खेळणं हा तुमचा विरंगुळा आहे आणि त्यावर पैसे खर्च करण्यात काहीही गैर नाही. आठवड्याला बारा तास धरले तर वर्षाला सहाशेच्या वर तास होतात. कार्ड चार वर्षं चाललं तर ४८,००० रुपयेसुद्धा तासाला वीस रुपयांच्या आत बसतात. त्यामुळे ‘हा खर्च करावा का’ याचं माझं उत्तर ‘जरूर करा’ असंच आहे. अडचण खर्चात नाही, तो कुठल्या पैशातून होतोय आणि त्यातून तुम्हाला खरंच काय मिळणार आहे, यात आहे.

आधी पैसे बघू. पगारातून खर्च, बाइकचा हप्ता आणि एसआयपी गेल्यावर तुमच्याकडे ६,६०० उरतात. कार्डाचा हप्ता ५,३३३. म्हणजे नऊ महिने हातात राहणार १,२६७ रुपये. या नऊ महिन्यांत मार्च येतो. कंत्राट पुढे गेलं तर काहीच प्रश्न नाही. पण ते महिनाभर लांबलं किंवा झालंच नाही, तर खर्च आणि दोन हप्ते मिळून महिन्याला जवळजवळ ३६,००० लागतील आणि ७०,००० ची एफडी दोन महिन्यांत संपेल. कायम नोकरीवाल्याला मी कदाचित इतकं ताणून धरलं नसतं. कंत्राटी माणसाला मात्र निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला हवा असं मी नेहमी सांगतो, आणि तुमच्याकडे आज सव्वादोन महिन्यांचा आहे. त्यामुळे एफडी मोडणं तर नाहीच.

आता ‘नो-कॉस्ट’ची किंमत. या योजनेत बँक व्याज घेतेच, फक्त तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देते. बँकेचा दर १६ टक्के धरला तर नऊ महिन्यांचं व्याज सुमारे ३,०५० होतं. ती रक्कम तुम्हाला सूट म्हणून मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ५५० रुपये, तुमच्याच खिशातून जातो. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर जीएसटीसह २३५. शिवाय यूपीआयचे १,५०० हुकतात. बेरीज २,२८५ च्या घरात जाते. रक्कम फार मोठी नाही, पण ती शून्य नाही हे माहीत असूनच सही करावी. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी दडवलेलं असतं.

एसआयपी थांबवायची का? ४८,००० रुपये बारा टक्क्यांनी तीस वर्षं वाढले तर चौदा लाखांच्या वर होतात, असं गणित मांडून मी तुम्हाला घाबरवणार नाही. त्या गणिताने माणसाला कुठलीच हौस करता येणार नाही, आणि त्यात महागाई धरलेली नसते. माझी हरकत वेगळी आहे. जी गोष्ट अडीच-तीन महिन्यांच्या शिलकीत करता येते, तिच्यासाठी घडी बसलेली एसआयपी विस्कटायचं कारण नाही.

हो, ती अडीच-तीन महिन्यांच्या शिलकीत करता येते. त्यासाठी तुमचा पीसी नक्की कुठे अडतोय ते बघावं लागेल.

तुमचा सगळ्यात जास्त वेळ व्हॅलोरंटमध्ये जातो. तो गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो, आणि १६६० सुपरवर आजही तो ६० एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला साठ चित्रांच्या, कितीतरी वर पळतो. पण तुमचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. त्यावर पन्नास हजारांचं कार्ड लावलं तरी साठच दिसणार. व्हॅलोरंट चांगला खेळता यावा असं मनापासून वाटत असेल तर दहा हजारांच्या आसपास मिळणारा १४४ हर्ट्झचा मॉनिटर जो फरक दाखवेल, तो हे कार्ड दाखवणार नाही.

मोठ्या गेमची गोष्ट वेगळी. ‘डूम: द डार्क एजेस’ला हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाश-सावल्यांचं गणित कार्डातच करण्याची सोय, लागतंच, आणि जीटीएक्स मालिकेत ते नाही. तिथे सेटिंग खाली आणून भागत नाही, कार्डच बदलावं लागतं. ही तुमची गरज खरी आहे. बाकीचे गेम अडखळतात त्याचं कारण मात्र तपासून घ्या. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते चालू ठेवून खेळा आणि कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते बघा. ९५ च्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसर कमी पडतो, आणि मग तुमच्याच बी४५० बोर्डवर बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० हा नवा प्रोसेसर बसतो. नवा बोर्ड आणि नवी रॅम घ्यावी लागत नाही.

५०६० टीआय घेतलंत तर खर्च ४८,००० वर थांबणार नाही. एनव्हिडिया त्याला ६०० वॉटचा एसएमपीएस सुचवते, तुमचा ४५० चा आणि तोही जुना. चांगल्या कंपनीचा घ्यायचा तर पाचेक हजार जातील. कार्डाचा दम दिसावा म्हणून मॉनिटर, मग प्रोसेसर. बघता बघता सत्तर हजार होतात, आणि तुमची सगळी एफडीच तेवढी आहे. आणखी एक बारकावा: हे कार्ड आठ लेनवर, म्हणजे बोर्डाशी डेटाची ने-आण करणाऱ्या आठ वाटांवर, चालतं आणि तुमचा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे या वाटांच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा आहे. १६ जीबीच्या कार्डाला त्याचा फटका फारसा बसत नाही, ८ जीबीच्या कार्डाला मेमरी भरली की जाणवतो. म्हणून काटकसर म्हणून ५०६० टीआयचं ८ जीबीचं रूप घेण्याचा मोह झाला तर टाळा. पुढे कधी नवंच कार्ड घ्यायचं झालं तर एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी जरूर बघा. ते पूर्ण सोळा लेनवर चालतं आणि अमेरिकेत जाहीर झालेली त्याची किंमत ३४९ डॉलर होती, ५०६० टीआय १६ जीबीची ४२९.

जीटीए ६ साठी आज कार्ड घेऊ नका. तो बनवणाऱ्या रॉकस्टारने तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर केला आहे, पीसीची तारीख दिलेली नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. त्याच कंपनीच्या रेड डेड रिडेम्प्शन २ ला पीसीवर यायला वर्षभर लागलं. जीटीए ६ पीसीवर येईल तेव्हा कार्डांची आणखी एखादी पिढी येऊन गेलेली असेल.

भाव वाढण्याची तुमची भीती निराधार नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीला ओढ लावली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कार्डांवरही मेमरीच असते. पण दहा टक्के वाढ धरली तरी ते ४,८०० रुपये होतात. नोकरीत खंड पडला आणि हप्ता थकला, तर दंड, व्याज आणि बिघडलेला सिबिल स्कोअर मिळून नुकसान त्याहून मोठं होऊ शकतं. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून क्रिप्टो चलन कमावण्याच्या लाटेमुळे, कार्डं दुप्पट भावाने विकली जात होती, तेव्हाही ‘आता नाही तर कधीच नाही’ असंच वाटत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं आणि तीच कार्डं सेकंडहँड बाजारात येऊन पडली. या वेळी तसंच होईल असं मी म्हणत नाही. भावाच्या भीतीने कर्ज काढू नये, इतकंच म्हणतो.

एडिटिंगच्या कमाईबद्दल: पैसे देणारं पहिलं गिऱ्हाईक मिळेपर्यंत हा खर्च करमणुकीच्याच खात्यात धरा.

तेव्हा माझा सल्ला मित्राच्या ३०६० चा. त्यात रे ट्रेसिंग आहे, ते सोळा लेनवर चालतं, डूम चालेल, आणि तुमच्या ६० हर्ट्झच्या फुल एचडी मॉनिटरला ते पुरेसं आहे. त्याबरोबर एसएमपीएस बदला, तो जुना तसाच ठेवू नका, कारण एसएमपीएस जळताना बोर्डही सोबत नेऊ शकतो. कार्डाचे १६,००० आणि एसएमपीएसचे ५,०००, त्यातून तुमच्या १६६० चे पाच-सहा हजार आले तर उरतात पंधरा-सोळा हजार. तुमच्या शिलकीतून अडीच महिन्यांत भागतं. एफडी शाबूत, एसआयपी चालू, नवा हप्ता नाही. मार्चमध्ये कंत्राट नव्याने झालं की पुढची शिलक आधी एफडीत टाका, ती सव्वा लाखापर्यंत जाऊ द्या, मग मॉनिटर घ्या. पगार वाढला तर वर्षा-दीड वर्षाने नव्या कार्डाचा विचार करायला मी स्वतः तुमच्याबरोबर बसेन.

मित्राकडून घेतानाही संकोच करू नका. हे कार्ड १२ जीबीचंच आहे ना ते बघा, ३०६० चं ८ जीबीचंही एक रूप नंतर आलं होतं. बिल मागा. २०२१-२२ चं असेल तर हमी बहुतेक संपलेली असेल, आणि मग १६,००० ऐवजी १४,००० म्हणायला हरकत नाही. ते मायनिंगला लावलं होतं का हे सरळ विचारा. त्याच्या घरी, त्याच्याच पीसीवर अर्धा तास जड गेम चालवून बघा: पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का, पंखा घरघरतो का, तापमान ऐंशीच्या वर जाऊन चढतच राहतं का. यातलं काही दिसलं तर मैत्री राखून नाही म्हणा आणि दुसरं शोधा. पैसे मात्र अडीच महिन्यांनी देईन, हे त्याला आजच सांगून ठेवा.