वाचकांचे प्रश्न : ‘औदुंबर’ची लय मोजायची कशी?

प्रश्न : कवितेच्या रसग्रहणात भावार्थ लिहून होतो, पण रूपाबद्दल ‘लय सुंदर आहे’ यापुढे गाडी जात नाही. बालकवींच्या ‘औदुंबर’वरून दाखवाल का?

उत्तर : ते वाक्य खोडा आणि पेन्सिल घेऊन मात्रा मोजा. ऱ्हस्वाची १, दीर्घाची २. बोलताना ‘ऐल’मधल्या ल चा अ आपण गिळतो, मोजताना तो धरायचा, म्हणजे ‘ऐल’च्या ३ मात्रा.

ऐल तटावर । पैल तटावर । हिरवाळी घेऊन : ८, ८, ११. एकूण २७, आणि आठही ओळींचं माप हेच.

घोळ होतो जोडाक्षरापाशी. ‘गर्दी’तल्या ग वर आघात येतो, म्हणून २. ‘मळ्यांची’तल्या म वर किंवा ‘हिरव्या’तल्या र वर तो येत नाही, तिथे १च. न ऐकता २ धरल्या की ओळ २८ची होते. ‘बेटाबेटांतुन’, ‘लाटांवर’, ‘औदुंबर’ या शेवटांपाशी उलट २६च भरतात. तिथे ओळीच्या अंती येणारं लघू (१ मात्रेचं) अक्षर लांबवून गुरू (२ मात्रांचं) मानतात, की हिशेब जुळतो.

आता खरी गंमत. प्रत्येक ओळीत पहिल्या ८ मात्रांनंतर उभी रेघ मारा. ‘चार घरांचे । गाव चिमुकले’, ‘पाय टाकुनी । जळांत बसला’ : सहा ओळींत रेघ शब्द संपतो तिथेच पडते. पाचव्या-सहाव्या ओळीत मात्र ती शब्द कापते : ‘पायवाट पां । ढरी तयांतुनि’, ‘हिरव्या कुरणां । मधुन चालली’. या दोन ओळी आहेत अडव्यातिडव्या पायवाटेच्या! वाट रेघ ओलांडून जाते. रसग्रहणात लिहायचं ते हे, कारण ते कुणालाही मोजून पाहता येतं.

यमकही याच अंगानं पाहा. मधल्या चार ओळी कडे-पुढे, पडे-कडे अशा एकाच ठोक्यावर पुढे सरकतात. शेवटच्या जोडीत ‘-वर, -बर’ येऊन चाल थांबते, आणि तिथे झाड बसलेलं आहे.

ळ कवितेत नऊदा येतो, त्यातले चार शेवटच्या दोन ओळींत : झाकळुनी, जळ, काळिमा, जळांत. म्हणून ‘ळ म्हणजे उदासी’ असं मात्र लिहू नका. पहिल्या ओळीतल्या ‘हिरवाळी’तही तोच ळ आहे. गडदपणा काळ्या डोहाच्या अर्थातून येतो. दाटीनं आलेला ळ तो कानात घोळवत ठेवतो.