बी.कॉम.नंतर डेटा ॲनालिस्ट व्हायचंय?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डेटा ॲनालिस्ट व्हायचं तर आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू का?

उत्तर : नाही, आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. त्यातलं ग्रुप बाय (गटवार बेरीज वगैरे) आणि जॉइन (दोन टेबलं जोडणं) पक्कं करा. जॉइनमध्येच नवखे घसरतात. समजा, १,००० रुपयांच्या ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आले. ऑर्डरच्या टेबलला पेमेंटचं टेबल जोडलं की ती ऑर्डर दोनदा येते आणि विक्री २,००० दिसते! म्हणून जोडण्याआधी पेमेंटची ऑर्डरनिहाय बेरीज करा, जोडल्यावर ओळी वाढल्या नाहीत ना, हे मोजून पाहा. एक्सेलचं पिव्होट टेबल (डेटाचा गटवार सारांश) हवंच, पायथन नंतर. जीएसटी, ताळेबंद तुम्हाला कळतो, ही मोठी जमेची बाजू आहे. त्यामुळे बँका आणि फिनटेक (तंत्रज्ञानातून आर्थिक सेवा देणाऱ्या) कंपन्यांकडे आधी अर्ज करा.